जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर लावताना, बदलताना किंवा आवरताना जुन्या वस्तूंबद्दल जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. मी पुण्यात राहते, त्यामुळे उदाहरणं पुण्या-मुंबईकडे झुकलेली आहेत. कायद्याच्या आणि कागदपत्रांच्या गोष्टी मात्र महाराष्ट्रात सगळीकडे सारख्याच लागू होतात.

जुनी वस्तू घेतल्याने पर्यावरणाचं नेमकं काय भलं होतं?

बहुतेक वस्तूंचा मोठा भार त्या बनतानाच निसर्गावर पडून गेलेला असतो. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी खर्ची पडतं, असा जागतिक वन्यजीव निधीचा अंदाज आहे आणि त्यातलं बहुतेक पाणी कापूस पिकवायला लागतं. मोबाइलचं तर याहून स्पष्ट आहे. फोन कंपन्यांचे स्वतःचे पर्यावरण अहवाल पाहिले, तर फोनच्या आयुष्यभरातल्या कार्बन उत्सर्जनाचा फार मोठा वाटा खाणकाम, चिप आणि जुळणी यांचा असतो. आपण रोज रात्री चार्जिंगला लावतो, त्या विजेचा वाटा त्यापुढे किरकोळ. म्हणजे तोच फोन दोन वर्षांऐवजी पाच वर्षं चालला, मग तो एका हातात राहो की दोन हातांतून फिरो, तर मधला एक नवा फोन बनवण्याची गरजच उरत नाही.

यात एक अट आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नवी खरेदी खरोखर टळली पाहिजे. स्वस्त मिळतात म्हणून गरज नसलेले चार कुर्ते आणले, किंवा जुना फोन विकून आलेल्या पैशांवर नवा फोन वर्षभर आधीच घेतला, तर खरेदी वाढली, कमी झाली नाही. म्हणून वस्तू उचलण्याआधी स्वतःला विचारा: ही मिळाली नसती, तर मी नवी घेतलीच असती का? उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल घ्या. पुढच्या सगळ्या उत्तरांत मी हीच कसोटी लावली आहे.

मग सगळंच जुनं घेणं चांगलं का?

नाही. जी वस्तू वापरताना भरपूर वीज खाते, तिचा हिशेब उलटा होऊ शकतो. फ्रिज चोवीस तास चालतो. पंधरा वर्षांचा मोठा फ्रिज तीन-चार हजारांत मिळाला तरी त्याची रबरी पट्टी सैल झालेली असते, कॉम्प्रेसर वारंवार चालू होतो आणि वाचवलेले पैसे दोन-तीन वर्षांत महावितरणच्या बिलात जातात. वीज कोळशावरची असली की धूरही त्याच प्रमाणात. दोन-तीन वर्षं वापरलेला, चांगल्या तारांकनाचा फ्रिज मात्र जरूर घ्यावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या लेबलवर तारे असतात, तसे वर्षाला किती युनिट लागतील तेही छापलेलं असतं. आधी तो आकडा वाचा, मग तारे. ताऱ्यांचे निकष ठरावीक काळाने कडक होतात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांच्या बरोबरीचे नसतात.

एसीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. जुन्या एसीत आर-२२ वायू असतो. तो ओझोनच्या थराला घातक आहे, शिवाय उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट. मॉन्ट्रियल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. असा एसी एका भिंतीवरून काढून दुसरीवर लावताना अनेकदा वायू सरळ हवेत सोडला जातो. म्हणून आर-२२ चा एसी मी फुकट मिळाला तरी घेणार नाही. जुन्या पिवळ्या बल्बचंही तसंच. तो काढून टाकण्यातच भलं आहे.

याउलट लाकडी आणि लोखंडी सामान, भांडी, पुस्तकं, सायकली, शिलाई मशीन, वाद्यं, कपडे यांना वापरताना वीज लागत नाही किंवा नगण्य लागते. इथे जुनं घेणं जवळपास नेहमीच फायद्याचं.

कोणत्या वस्तू जुन्या घेऊच नयेत?

हेल्मेट. एकदा आपटलं की आतला फोम दबतो आणि ते वरून कळत नाही. लहान मुलांची गाडीतली सीट, याच कारणासाठी. गॅसची रबरी नळी. ती तशीही पाच वर्षांनी बदलायची असते. फुगलेली बॅटरी असलेली कोणतीही वस्तू. खरवडलेले नॉनस्टिक तवे. वायरी उघड्या पडलेला गिझर किंवा इस्त्री. सौंदर्यप्रसाधनं आणि औषधं तर सांगायलाच नको. गादी ओळखीच्या घरातली असेल तरच.

फर्निचर कसं पारखायचं?

लाकूड कोणतं आहे, हा पहिला प्रश्न. सागवानी कपाट किंवा शिसवी खुर्ची चाळीस वर्षांची असली तरी तासून, पॉलिश करून पुढची चाळीस वर्षं चालेल. पार्टिकल बोर्डचं कपाट चार वर्षांत दोनदा खोललं-जोडलं गेलं असेल, तर स्क्रूची भोकं मोठी होतात आणि दारं लटकू लागतात. म्हणून समोरचा भाग पाहून भुलू नका. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, त्याचा तळ आणि मागची बाजू पाहा. लॅमिनेट फक्त पुढून असतं, खरं काय आहे ते मागे दिसतं. कडेला बोर्ड फुगलेला असेल तर पाणी लागलेलं आहे आणि तो परत बसत नाही. भरीव लाकूड ड्रॉवर उचलतानाच जड लागतं.

नंतर ठोकून पाहा. मध्येच आवाज पोकळ झाला, पायांशी मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवी आहे. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी असेल तर लाकूड किडीने पोखरलं आहे. किडीवर इलाज करता येतो. वाळवी लागलेलं लाकूड घरात आणूच नका.

लोखंडी कपाटाला मात्र आपल्याकडे हवी तेवढी किंमत मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं. जुन्या जाड पत्र्याच्या कपाटाला तळाशी गंज नसेल, किल्ली दोन्ही बाजूंनी नीट फिरत असेल, तर रंग मारून ते नव्यासारखं होतं. आजचे पातळ पत्र्याचे त्याच्यापुढे टिकत नाहीत.

घरी आणण्याचा खर्च आधी धरा. छोटा हत्ती, हमाली आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये न मावणारं सामान जिन्याने चढवण्याचे वेगळे पैसे, एवढं मिळून दोन हजारांचा सोफा चार हजारांना पडतो. दाराची, जिन्याच्या वळणाची आणि लिफ्टची रुंदी मोजून घेऊन मगच सौदा करा. शक्यतो जवळच्या भागातलंच सामान शोधा. त्यात पैसेही वाचतात आणि डिझेलही.

ढेकूण आले तर?

भीती रास्त आहे. कापडी सोफा आणि पलंग घेताना शिवणीत, खिळ्यांच्या भोकांत, पलंगाच्या खाचांत टॉर्च मारून पाहा. काळे बारीक ठिपके दिसले की परत फिरा. सुटे कपडे, पडदे, उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुऊन घ्या. जे धुता येत नाही ते काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर ठेवा. पन्नास अंशांपुढे ढेकूण आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात, पण आतपर्यंत तेवढी उष्णता पोचायला हवी, म्हणून पिशवी लहान बांधा आणि दोन-तीन दिवस ठेवा. पावसाळ्यात कापडी सामान घेणं टाळलेलंच बरं.

दुसऱ्याचे उतरलेले कपडे घालायला घरचे तयार नाहीत. काय सांगू?

वाद घालू नका. ज्या घरात मोठ्या भावाची पँट धाकट्याने घातली, त्या घरात हा विचार नवा नाही. आपल्याकडे नवजात बाळाला पहिल्यांदा जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचीच झबली-दुपटी लागतात, कारण नवं कापड टोचतं. आजीच्या लुगड्याची गोधडी किंवा वाकळ घरोघरी होती. कोणी वापरलेलं आहे हे आपल्याला चालत होतं, फक्त तो माणूस ओळखीचा होता. म्हणून सुरुवात ओळखीतून करा. नात्यातल्या, सोसायटीतल्या मुलांचे कपडे आधी. एका वर्षाखालच्या मुलांचे कपडे तर दोन-तीन महिन्यांत आखूड होतात आणि अक्षरशः नवे असतात. मग लग्नातले कपडे: शेरवानी, शालू, घागरा. एकदाच घालायचा घागरा तिमाही पगाराच्या किमतीत नवा घेण्यापेक्षा जुना घेणं किंवा भाड्याने आणणं कोणाही आईला पटतं.

अंगाला चिकटून घालायचे आतले कपडे आणि मोजे जुने घेऊ नयेत, यात मात्र घरच्यांशी मी सहमत आहे. बूटही पायाच्या ठेवणीत बसलेले असतात, ते दुसऱ्याला क्वचितच मानवतात.

जुने कपडे बोहारणीला द्यावेत की संस्थेला?

दोघांना देता येतात, पण बोहारणीबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. कपड्यांच्या बदल्यात स्टीलचं पातेलं देणारी ती बाई शहरातली सगळ्यात जुनी पुनर्वापर व्यवस्था चालवते आहे आणि तिला तसं कोणी म्हणत नाही. ती कपडा हातात घेते, उजेडाकडे धरते, काख आणि गुडघे पाहते आणि त्याचं आयुष्य किती उरलंय हे क्षणात ओळखते. चांगले कपडे धुऊन, बटणं लावून, इस्त्री करून जुन्या कपड्यांच्या बाजारात जातात आणि मजुरी करणाऱ्या घरांना परवडतील अशा भावात विकले जातात. अगदीच विरलेले सुती कपडे गॅरेज आणि छापखान्यांत पुसायच्या चिंध्या होतात. लोकरीचे फाटके कपडे फाडून, त्यातून धागा काढून हरियाणातल्या पानिपतला स्वस्त ब्लँकेटं विणली जातात. या साखळीत कोणतीही गोष्ट सहजासहजी वाया जात नाही, कारण प्रत्येक टप्प्यावर कोणाचं तरी पोट त्यावर आहे. तेव्हा एका डब्यासाठी तिच्याशी अर्धा तास हुज्जत घालू नका.

संस्थेला देताना कपडा धुतलेला, न फाटलेला आणि सध्याच्या गरजेचा असावा. पूर आला की मदत म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग भिजत पडतात, कारण दिलेलं घालण्याजोगं नसतं. १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी सुरू केलेली ‘गूंज’ ही संस्था जुन्या कपड्यांचं वर्गीकरण करून ते गावोगावी श्रमाच्या मोबदल्यात देते आणि जुन्या सुती कापडापासून मासिक पाळीसाठी पॅड बनवते. अशा ठिकाणी सुती साड्या आणि चादरी फार उपयोगी पडतात.

आजीची तांब्या-पितळेची भांडी मोडीत काढावीत का?

मोडीत काढण्याआधी थांबा. मोडीत भांड्याला फक्त वजनाचा भाव मिळतो, त्यातही डाग, झाळ आणि घट धरून कमी. हातानं ठोकलेलं घंगाळ, बंब, कडीचा डबा, समई, पानाचा डबा यांना वस्तू म्हणून घेणारे लोक आता बरेच आहेत आणि ते मोडीच्या भावाच्या कितीतरी पट देतात. घासून चकचकीत करू नका. जुना रंग आणि काळपटपणा जपलेला असेल तर पारखी माणूस जास्त देतो.

वापरायला काढायची असतील तर कल्हई करून घ्या. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत शिजवू किंवा ठेवू नयेत, हे आजीने सांगितलं होतं ते बरोबरच आहे. कल्हईवाले कमी झाले आहेत, पण पुण्यात तांबट आळीत तांब्याचं काम करणारे कारागीर अजून आहेत. भांडं त्यांच्याकडे नेलं की त्या हातांनाही काम मिळतं.

मूर्ती, नाणी, हस्तलिखितं यांच्याबाबत कायदा पाहा. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती आणि कलावस्तू, तसंच पंच्याहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं पुरातन वस्तू ठरतात. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी राहणाऱ्या मुलीला देवघरातली जुनी मूर्ती पाठवण्याआधी हे माहीत असू द्या.

जुनी पैठणी दारावर येणाऱ्याला विकावी का?

घाईने नाही. जुन्या साड्यांची जर खऱ्या चांदीच्या तारेची, वर सोन्याचा मुलामा दिलेली असायची. दारावरचा माणूस साडी चांदीसाठी घेतो आणि जाळून, गाळून धातू काढतो. त्याने सांगितलेला भाव त्या हिशेबातला, तोही त्याच्या बाजूने झुकलेला. पदर आणि काठ शाबूत असतील तर ते नव्या कापडावर लावून घेता येतात. अंग विरलं असेल तर त्याचे ब्लाऊज, परकर-पोलकी होतात. अशी साडी जाळली जाण्यापेक्षा पुन्हा अंगावर यावी असं मला मनापासून वाटतं.

शाळा-कॉलेजची पुस्तकं जुनी घेताना काय पाहावं?

आवृत्ती. बालभारतीचं पुस्तक मुखपृष्ठावरून तेच वाटतं, पण अभ्यासक्रम बदललेला असतो. आतल्या पानावरचं प्रथमावृत्तीचं आणि पुनर्मुद्रणाचं वर्ष शाळेच्या यादीशी जुळवा. अभियांत्रिकीला ‘पॅटर्न’ विचारा. पुणे विद्यापीठात २०१९ आणि २०२४ पॅटर्नचे विषय सारखे नाहीत. स्पर्धा परीक्षांची चालू घडामोडींची पुस्तकं जुनी घेण्यात अर्थ नाही. इतिहास, भूगोल, व्याकरण जरूर घ्या.

पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत हुतात्मा चौकाजवळचे फुटपाथ आणि माटुंग्याला किंग्ज सर्कल ही यासाठीची माहीत असलेली ठिकाणं. विकणाऱ्यांनी निकाल लागल्याबरोबर पुस्तकं काढावीत. जूनचा दुसरा आठवडा उलटला की तीच पुस्तकं रद्दीच्या भावात जातात.

जुना मोबाइल घेताना फसवणूक कशी टाळायची?

फोनवर *#०६# दाबा. पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसेल. तो बिलावर आणि खोक्यावर तोच आहे का पाहा आणि केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’वर टाकून तपासा. चोरीला गेला म्हणून बंद केलेला फोन तिथे कळतो. बिल नसेल तर घेऊ नका. चोरीचा माल माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे बिलाशिवाय सिद्ध करणं अवघड जातं.

पुढे: आधीच्या मालकाचं गूगल किंवा ॲपल खातं त्याच्याकडून तुमच्यासमोर काढून घ्या, नाहीतर फोन रिसेट झाल्यावर उघडणारच नाही. कंपनी त्या मॉडेलला सुरक्षा अपडेट अजून देते का ते पाहा. अपडेट बंद झालेल्या फोनवर बँकेचं ॲप ठेवू नये. बॅटरी बदलायची असेल तर तो खर्च किमतीतून वजा करून घ्या. बॅटरी बदलून तीन वर्षं चालणारा फोन हा माझ्या मते जुन्या बाजारातला सगळ्यात शहाणा सौदा आहे.

विकताना क्रम महत्त्वाचा: बॅकअप, यूपीआय ॲपमधून खातं काढणं, गूगल-ॲपल खात्यातून बाहेर पडणं आणि मग फॅक्टरी रिसेट. सिम आणि मेमरी कार्ड काढायला विसरू नका.

‘सैन्यात आहे, बदली झाली आहे, क्यूआर कोड पाठवतो’ असा फोन आला. खरं असेल का?

नाही. ही ठरलेली फसवणूक आहे आणि सुशिक्षित माणसंही तिला बळी पडतात, कारण गणवेशावर आपला विश्वास असतो. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही आणि कोड स्कॅनही करावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे गेले. वस्तू न पाहता पूर्ण रक्कम देण्याची घाई करणारा ग्राहक, ‘आधी एक रुपया पाठवून बघा’ म्हणणारा, ओटीपी मागणारा, या सगळ्यांचा फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

व्यवहार दिवसाउजेडी, सोसायटीच्या गेटजवळ किंवा गजबजलेल्या ठिकाणी करा. एकट्या बाईने अनोळखी माणसाला घरात बोलावून सामान दाखवू नये. शेजारच्या काकूंना सोबत बसवावं. आधार कार्डाची प्रत कोणालाही देऊ नका, सोफा विकायला तिची गरज नसते.

दुचाकी किंवा कार विकली, पैसे मिळाले. आता माझी जबाबदारी संपली ना?

नाही आणि इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. आरटीओच्या नोंदीत तुमचं नाव आहे तोवर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं: गाडी हातोहात पुढे विकली गेली असली तरी अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावर येते. त्यामुळे फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ‘नंतर करून घेतो’ या शब्दावर गाडी सोडू नका. हस्तांतरणाची नोंद स्वतः पाठपुरावा करून लावून घ्या. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवा. दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ ची ना हरकत लागते.

घेणाऱ्यांसाठी: थकलेली ई-चलानं आधी तपासा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, माणसाचा असतो, त्यामुळे तो जुन्या मालकाकडेच राहतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणून तेरा वर्षांची गाडी घेताना पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर धरून किंमत ठरवा. पीयूसी सुटत नसेल तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. तिचा धूर शेजारच्या मुलांच्या छातीत जातो.

जुना सिलिंडर विकता येतो का?

नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर कंपनीचे असतात, आपण अनामत भरलेली असते. घर बदलताना ते एजन्सीत परत करून अनामत घ्या. शेगडी मात्र तुमची आहे, ती विका.

किंमत किती लावायची?

मी सुरुवात नव्या वस्तूच्या आजच्या किमतीपासून करते, तुम्ही किती दिले होते त्यापासून नाही. सेलमध्ये तीच वस्तू आज ज्या भावात मिळते, तिच्या निम्म्याच्या आसपास चांगल्या स्थितीतली वस्तू पटकन जाते. सागवान, जुनी शिलाई मशीन, चांगली सायकल, हार्मोनियम-तबला यांना जास्त धरा. इलेक्ट्रॉनिक वस्तूंना कमी, कारण दर वर्षी त्या झपाट्याने उतरतात. घासाघीस होणारच, त्यासाठी थोडी जागा ठेवा. पण दोष लपवू नका. खरचट, तडा, उडालेला रंग यांचा जवळून काढलेला फोटो टाकला की फुकट चकरा मारणारे कमी होतात आणि जो येतो तो घेऊन जातो.

वेळही पाहा. पुण्यात मे-जूनला विद्यार्थी खोल्या बदलतात, तेव्हा टेबल, गादी, इंडक्शन शेगडी यांचा सुकाळ असतो: घेणाऱ्यांनी तेव्हा घ्यावं. दसरा-दिवाळीआधी सगळीकडे आवराआवर असते, त्या काळात विकायला काढलेल्या वस्तूंची गर्दी होते.

घरात वापरलेल्या वस्तू विकून आलेल्या पैशांवर भांडवली नफ्याचा कर लागतो का, असंही विचारलं जातं. वैयक्तिक वापराची फर्निचर, गाडी, कपडे यांना तो लागत नाही. दागिने, चित्रं, शिल्पं आणि पुरातन वस्तूंना लागतो.

प्रत्यक्ष बाजारात जायचं तर कुठे?

पुण्यात मंगळवार पेठेजवळचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. हत्यारं, सुटे भाग, नळ, बिजागऱ्या, जुनी कुलुपं यासाठी तिथे जावं, सकाळी लवकर. मुंबईत मटण स्ट्रीटचा चोरबाजार जुन्या दिव्यांसाठी, घड्याळांसाठी आणि फर्निचरसाठी. तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात. ओशिवऱ्याला जुन्या लाकडी फर्निचरची रांगच आहे आणि दारं-खिडक्यांचं लाकूडही मिळतं. दारं, खिडक्या, कड्या, शहाबादी फरश्या हे पाडलेल्या वाड्यांमधून येतं. गावाकडे घर बांधणाऱ्यांनी तिकडे नक्की पाहावं. तसं वाळलेलं, मुरलेलं सागवान आज नवं मिळत नाही.

कोणीच घेतलं नाही तर?

आधी ‘फुकट, येऊन घेऊन जा’ असं सोसायटीच्या ग्रुपवर टाका. मावशींना, वॉचमनकाकांना विचारा, पण विचारा. मोडकी वस्तू उपकार म्हणून गळ्यात मारू नका. मग भंगारवाला. कागद, काच, पत्रा, प्लास्टिक वेगळं करून दिलं तर त्याचा वेळ वाचतो आणि भावही बरा मिळतो. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी केली आणि त्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. घरोघरचा कचरा उचलणाऱ्या या ताईंना मोठं सामान कुठे द्यायचं हे नेमकं माहीत असतं.

बंद पडलेली इलेक्ट्रॉनिक वस्तू मात्र वेगळी द्यायची. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. उरलेल्याचा मोठा भाग उघड्यावर जाळून किंवा आम्लात बुडवून तांबं-सोनं काढलं जातं, त्याचं शिसं आणि धूर काम करणाऱ्याच्या अंगात जातो. तेव्हा जुना चार्जर, मिक्सर, मॉनिटर कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या पुनर्चक्रकाकडे किंवा महापालिकेच्या संकलन केंद्रावर द्या. नवी वस्तू घ्यायला दुकानात जाल, तेव्हा जुनी परत घेण्याची सोय आहे का तेही विचारा. बॅटऱ्या सुट्या काढून, टोकांना चिकटपट्टी लावून, वेगळ्या पिशवीत.